तलवार अवकाशात कशी पोहोचली

नोव्हेंबर १८१७. लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयात अब्राहम थॉर्नटन नावाच्या आरोपीने हातमोजा जमिनीवर टाकला. मेरी ॲशफर्ड या तरुणीच्या खुनाच्या आरोपातून ज्युरीने त्याला आधीच सोडलं होतं. पण मेरीच्या भावाने, विल्यमने, एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन त्याला पुन्हा कोर्टात खेचलं. थॉर्नटनच्या बाजूनेही तितकंच जुनं उत्तर आलं: मी निर्दोष आहे आणि वादीशी अंगावर लढून ते सिद्ध करायला तयार आहे. न्यायाधीशांनी जुने दाखले तपासले आणि एप्रिल १८१८ मध्ये मान्य केलं की हा हक्क कुणी कधी काढूनच घेतलेला नाही. अंगाने किरकोळ असलेल्या विल्यमने हातमोजा उचलला नाही, म्हणजे आव्हान स्वीकारलं नाही. थॉर्नटन सुटला. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, ब्रिटिश संसदेने द्वंद्वाने निवाडा करण्याची तरतूद रद्द केली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात वॉल्टर स्कॉट यांची ‘आयव्हॅनहो’ बाजारात आली. तिच्यात एका तरुणीवर चेटकाचा आरोप आहे, आणि तिच्या जिवाचा फैसला रिंगणातल्या दोन घोडेस्वारांवर सोपवलेला आहे. कायद्याने जे टाकून दिलं, ते त्याच वर्षी कादंबरीने उचललं.

ग्रहाग्रहांवर राज्य करणारी घराणी, आणि त्यांचे तंटे तलवारीने मिटवायला उभी राहिलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरं: या जातीची विज्ञानकथा वाचताना मला दर वेळी तो हातमोजा आठवतो. लढाईच्या थरारासाठी या कथा वाचणारे पुष्कळ आहेत, पण माझ्या मते त्यांचा गाभा वेगळा आहे. तिथे द्वंद्व हाच कायदा असतो. दाद मागायला दुसरी जागाच नसते. म्हणून तिथलं पोर ज्या दिवशी हातमोजा उचलतं, त्या दिवशी त्याचं बालपण संपतं. मोठं होण्याला इतकी नेमकी तारीख दुसऱ्या कुठल्या कथाप्रकारात क्वचितच मिळते.

युरोपात या कायद्याची मुळं फार खोल आहेत. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्गंडीचा राजा गुंडोबाद याने खोट्या शपथांना आळा बसावा म्हणून द्वंद्वाला कायद्यात जागा दिली. खरं बोलणाऱ्याला देव जिंकवेल, हा त्यामागचा विश्वास. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने अशा दिव्य-परीक्षांमध्ये पाद्र्यांनी भाग घेऊ नये असं ठरवलं, आणि पुढे ही प्रथा हळूहळू आटत गेली. पॅरिसच्या पार्लमेंटच्या, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयाच्या, परवानगीने झालेलं शेवटचं निवाड्याचं द्वंद्व २९ डिसेंबर १३८६ रोजी जाँ द कारूज आणि जाक ल ग्री यांच्यात झालं. त्यानंतर उरलं ते अब्रूचं द्वंद्व. ते खाजगी होतं आणि बहुतेक ठिकाणी बेकायदा. फ्रान्समध्ये राजाचा मुख्य मंत्री रिशल्यू याच्या काळात, १६२६ मध्ये, त्याविरुद्ध कडक फर्मान निघालं आणि पुढच्याच वर्षी बुतव्हिल या सरदाराचा त्यापायी शिरच्छेद झाला. तरीही द्वंद्वं थांबली नाहीत. १८३२ मध्ये गणितज्ञ एव्हारिस्त गाल्वा अशाच एका झुंजीत पोटात गोळी लागून गेला, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता.

निवाड्याचं द्वंद्व आणि अब्रूचं द्वंद्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विज्ञानकथेने त्या एकत्र केल्या. तिथे अब्रूसाठी लढलं जातं, पण निकाल सगळ्यांवर बंधनकारक असतो.

वयाचा धागाही सरंजामी काळातूनच आला. सरदाराचा मुलगा साधारण सातव्या वर्षी दुसऱ्याच्या वाड्यावर हुजऱ्या म्हणून जाई, चौदाव्या वर्षी सरदाराचा शस्त्रसेवक होई आणि एकविसाव्याच्या आसपास स्वतः सरदार. जपानी सामुराई घराण्यांत गेंपुकू नावाचा विधी असे. त्यात मुलाचं बाळपणीचं नाव सुटे आणि त्याला नवं नाव मिळे. हे नवं नाव लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे ते मंगळावरही भेटतं आणि वाळवंटी ग्रहावरही. अलेक्झांदर द्युमा यांनी १८४४ मध्ये ‘थ्री मस्केटिअर्स’ या कादंबरीत अठरा वर्षांच्या दार्तान्यांला पॅरिसमध्ये आणलं, तेही एकाच दिवशी बारा, एक आणि दोन वाजता अशी तीन द्वंद्वं अंगावर ओढवून घ्यायला लावून. ज्यांच्याशी लढायचं तेच तिघे त्याचे जिवाभावाचे सोबती होतात. पोरसवदा नायकाला द्वंद्वाच्या दारातून मोठ्यांच्या जगात आणण्याची ही युक्ती पुढच्या लेखकांनी मनापासून आपलीशी केली.

मंगळावर तलवार नेली एडगर राइस बरोज यांनी. १९१२ मध्ये ‘ऑल-स्टोरी’ मासिकात त्यांची मालिका आली. त्यांच्या मंगळावर रेडियमच्या बंदुका आणि उडती जहाजं आहेत, पण समोरचा तलवार घेऊन आला तर तुम्ही तलवारीहून वरचढ हत्यार काढायचं नाही, असा दंडक आहे. हिरव्या मंगळवासीयांत तर दर्जा मिळतो तोच प्रतिस्पर्ध्याला मारून. नायक जॉन कार्टर दोन सरदारांना मारतो आणि त्या दोघांची नावं त्याला चिकटतात: डोटार सोजात. कार्टर पोरगेला नाही, तो मुरलेला योद्धा आहे, त्यामुळे घडण्याची कथा इथे अजून नाही. पण जिंकणाऱ्याला नवं नाव मिळणं आलं.

प्रगत युगात सरंजामशाही कशी, हा प्रश्न वाचक हमखास विचारतात. त्याचं उत्तर अंतरात आहे. सूर्याला सर्वात जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. राजधानीतून हुकूम सुटला की पोहोचायला सव्वाचार वर्षं, उत्तर यायला तितकीच. इतक्या लांबचा सुभेदार मनाने कारभार करणार, आणि त्याचा मुलगा तीच गादी वारसाहक्काने मागणार. आयझॅक ॲसिमॉव्ह यांनी गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासावरून स्फूर्ती घेऊन १९४२ पासून आकाशगंगेच्या साम्राज्याची पडझड रंगवली. त्यात कडेचे सुभे आधी तुटतात आणि स्वतःला राज्यं म्हणवू लागतात. त्याच १९४२ मध्ये रॉबर्ट हाइनलाइन यांनी द्वंद्वाला मान्यता असलेला भविष्यकाळ लिहिला. तिथे नागरिक शस्त्र बाळगतात, आणि ज्याला लढायचं नसेल तो दंडावर पट्टा बांधून कमीपणा पत्करतो. पुढे १९४७ ते १९५८ या काळात त्यांनी किशोरांसाठी बारा कादंबऱ्या लिहिल्या आणि अवकाशात वाढणारं पोर वाचकांच्या ओळखीचं केलं.

हे सगळे धागे फ्रँक हर्बर्ट यांनी ‘ड्यून’मध्ये एकत्र ओवले. आधी ती ‘ॲनालॉग’ मासिकात क्रमशः आली, मग वीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारली, आणि शेवटी १९६५ मध्ये छापली ती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिल्टनने. इथे ग्रह जहागीर म्हणून दिला जातो. घराण्यांच्या वैराला ‘कानली’ म्हणतात, आणि हा शब्द हर्बर्टनी कॉकेशसच्या लढवय्या टोळ्यांवरच्या लेस्ली ब्लांच यांच्या १९६० च्या पुस्तकातून उचलला. तलवार का, याचं उत्तरही त्यांनी बरोजसारखं रिवाजावर सोडलं नाही. अंगाभोवतीचं ऊर्जेचं कवच वेगाने येणारी प्रत्येक गोष्ट अडवतं. गोळी अडते, पण सावकाश सरकणारं पातं आत जातं. लेझर कवचाला लागला तर मारणारा आणि मरणारा दोघेही स्फोटात जाऊ शकतात. म्हणून सुरी.

आता त्यातला एक प्रसंग जवळून पाहू. पंधरा वर्षांचा पॉल घराणं गमावून आईबरोबर वाळवंटात पळाला आहे. तिथल्या टोळीतला जामिस त्याला आव्हान देतो. वाळवंटात कवच वापरत नाहीत, कारण त्याने प्रचंड वाळूकिडे चवताळतात. दोघे उघड्या अंगाने उभे राहतात. पॉलचा बचाव विजेसारखा आहे, पण वार करताना त्याचा हात अगदी शेवटच्या क्षणी मंदावतो. लहानपणापासून कवच भेदण्यासाठी तो तेच शिकला आहे. बघणाऱ्यांना वाटतं, हा पोरगा जामिसला खेळवतोय, आणि ते चिडतात. खरं तर त्याने आजवर माणूस मारलेला नाही, एवढंच. शेवटी जामिस पडतो. मग पॉलला कळतं की त्याने फक्त झुंज जिंकलेली नाही. जामिसची बायको आणि दोन मुलं आता त्याच्या जबाबदारीवर आहेत. टोळीतलं नवं नावही त्याला मिळतं. जामिसच्या अंत्यविधीत पॉल रडतो, आणि पाण्याचा थेंबन् थेंब मोजणारी ती माणसं त्याने मेलेल्याला पाणी दिलं म्हणून थक्क होतात. सरंजामी कायद्यातला जय किती महाग असतो, हे इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा प्रसंग मला माहीत नाही.

ज्याचं शरीरच साथ देत नाही त्याचं काय, हा प्रश्न लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी १९८६ मध्ये घेतला. त्यांचा बॅरायार हा ग्रह इतर जगांपासून शतकानुशतकं तुटला होता आणि त्या काळात तिथे सरंजामशाही रुजली. संपर्क परत जुळतो, द्वंद्वावर बंदीही येते, पण माणूस शरीरावरून जोखण्याची सवय जात नाही. ठिसूळ हाडांचा सतरा वर्षांचा माइल्स सैनिकी अकादमीच्या प्रवेशपरीक्षेत भिंतीवरून उडी मारतो आणि दोन्ही पाय मोडून घेतो. माझ्या लेखी हा विल्यम ॲशफर्डचा खरा वारस.

२०१४ मध्ये पिअर्स ब्राउन यांनी रंगांनुसार जातवारी असलेली सूर्यमाला उभी केली आणि तळच्या थरातल्या पोराला बनावट ओळख देऊन वरच्यांच्या मुलांत पाठवलं. ती धारा अजून जोरात वाहते आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘मोबाइल सूट गंडम: द विच फ्रॉम मर्क्युरी’ या मालिकेत जहागिऱ्यांच्या जागी कंपन्या आहेत आणि त्यांच्या वारसांची एक शाळा. वाद काहीही असो, विद्यार्थी महाकाय यंत्रमानव चालवून तो सोडवतात. प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राच्या डोक्यावरची शिंगासारखी पट्टी तोडली की जिंकलं. कुणी मरावं अशी गरज नाही. मात्र सर्वात वरच्या विजेत्याला मिओरिने या विद्यार्थिनीशी लग्नाचा हक्क मिळतो, असं तिच्या बापाने ठरवून टाकलं आहे. पहिल्याच भागात तिच्या नावाने दोघे मैदानात उतरायचे असतात. त्याआधीच मिओरिने नव्याने आलेल्या सुलेत्ताचं यंत्र पळवते आणि स्वतःची झुंज लढायला स्वतः आत बसते. ते यंत्र तिला धड चालवता येत नाही.