मामा तलाव: नाव आणि हक्काचा घोळ

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानपट्ट्यात गाव म्हटलं की तलाव आलाच, तलाव नसेल तर निदान बोडी, म्हणजे छोटं तळं तरी. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळत असे. या कामात कोहळी समाज तरबेज होता. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात सोडायचा आणि तुडूम, म्हणजे पाळीतलं पाणी सोडायचं दार उघडून बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना पाणी द्यायचं, अशी ही रचना.

घोळ आहे तो नावाचा. इंग्रजांनी १८६० च्या दशकात सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी दिली आणि तलावही त्यांच्या नावावर चढले. त्यातले कितीतरी तलाव त्या मालकीच्या आधीपासूनचे होते, तरी कागदोपत्री ते ‘मालगुजारी’ ठरले. मालकी हक्क रद्द करणारा तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला, तलाव सरकारजमा झाले आणि ते ‘माजी मालगुजारी’ झाले. त्याचं लघुरूप ‘मामा’. बाहेरच्या माणसाला ते नातं वाटतं. ज्यांनी पाळ घातली, दरवर्षी तिच्यावर माती टाकली, त्यांचा या नावात मागमूस नाही.

खरा वाद निस्ताराचा, म्हणजे रोजच्या गरजांसाठी गावाने तलाव वापरण्याच्या हक्काचा. गुरांना पाणी, आंघोळ, धुणं हे हक्क गावाच्या निस्तार पत्रकात नोंदलेले होते. धानाला बिनपैशाचं पाणी हाही आपला जुना हक्कच आहे, असं शेतकरी म्हणत. सरकारला पाणीपट्टी हवी होती. पट्टी द्यायची नाही म्हणता, मग दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न त्यातूनच लोंबकळत राहिला. पूर्वी पावसाळ्याआधी घरटी माणूस पाळीवर जाई. तलाव सरकारचा झाल्यावर गाव निधीची वाट पाहू लागलं. यात गावाला आळशी ठरवणं अन्यायाचं आहे. मालकी काढून घेतल्यावर राखणीची जबाबदारीही त्याच हातात जायला हवी होती. पुढे १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्याहून मोठे राज्याकडे अशी वाटणी झाली. एकाच साखळीतल्या वरच्या आणि खालच्या तलावाला दोन दारं झाली.

मासेमारी ढिवरांची, म्हणजे इथल्या मासेमार समाजाची. सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळू लागले, तसं रोहू, कतला, मृगळ यांचं बीज सोडणं वाढलं. काठावर बेशरम हे झुडूप माजलं आणि गाळाने तलाव उथळ झाले.

२०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. गाळ शेतात जाणं चांगलंच. पण यंत्राने सरसकट खोल खोदलं की काठाचा उथळ भाग जातो. पाणवनस्पती तिथेच रुजतात, आणि मरळ हा मासा आपली अंडी त्याच गवतात राखत बसतो.