जन्मवेळेनंतरची चाळीस मिनिटं

चुलत बहिणीच्या बाळंतपणाला मी लेबर रूमबाहेरच्या बाकावर होतो. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला आणि बाहेर वाद पेटला. चार सतरा की चार एकोणीस? काकांच्या मोबाइलात एक वेळ, भिंतीवरच्या घड्याळात दुसरी. "लग्नरास बदलली म्हणजे?" मावशीचा जीव त्या दोन मिनिटांत अडकलेला. सिस्टर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ दाखवून गेली, पेढ्यांचा पुडा उघडला, फोन सुरू झाले. डॉक्टरबाई मात्र बाहेर येईनात. वीस मिनिटं झाली, तीस झाली, चाळीस झाली. शेवटी काका म्हणालेच, "नॉर्मल झालं म्हणतात ना, मग बाई आत करतायत काय? सगळं तर पोरीनंच केलं."

काकांचं निम्मं बरोबर होतं. कळा पोरीनंच दिल्या होत्या. पण प्रसूतितज्ज्ञ म्हणजे बाळ झेलणारी व्यक्ती हा जो आपला समज आहे, तो सिनेमातून आलेला. बहुतेक नॉर्मल बाळंतपणांत बाळ झेलायला अनुभवी सिस्टर पुरते. डॉक्टरांची नजर खरी लागलेली असते ती बाळ आल्यानंतरच्या वेळेवर. सगळं घर बाळाकडे बघत असतं तेव्हा डॉक्टर आईच्या पोटावर हात ठेवून उभ्या असतात. जगात दरवर्षी हजारो बायका बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं जातात, आणि त्यातल्या बऱ्याच जणींच्या बाबतीत बाळ सुखरूप जन्मलेलं असतं.

हे रक्त इतकं का जातं, आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे बहुतेक बायकांचं का जात नाही, हे एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. मला विचाराल तर शरीररचनेत याच्याइतकी सुंदर गोष्ट दुसरी नाही.

दिवस भरलेल्या गर्भपिशवीकडे मिनिटाला साधारण 500 ते 700 मिलिलिटर रक्त जातं. म्हणजे दर मिनिटाला दुधाची अर्धा लिटरची एक पिशवी. हे रक्त वारेपर्यंत, म्हणजे प्लॅसेंटापर्यंत पोचतं, तिथून बाळाला प्राणवायू आणि अन्न मिळतं. बाळ जन्मतं, मग वार सुटते. सुमारे वीतभर रुंदीची, अर्धा किलो वजनाची ही चकती भिंतीपासून सुटली की तिच्यामागच्या शंभराच्या आसपास रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्या तशाच राहिल्या तर दहा मिनिटांच्या आत बाईच्या अंगातलं सगळं रक्त वाहून जाईल.

बोट कापलं तर काय होतं? तुटलेल्या वाहिनीच्या भिंतीतला स्नायू आखडतो, वाहिनी अरुंद होते, वर रक्ताची गाठ बसते. गर्भपिशवीतल्या या वाहिन्यांना ते जमत नाही, आणि त्यांना ते जमू नये अशी व्यवस्था बाळानंच केलेली असते. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात वारेतल्या पेशी आईच्या या नागमोडी धमन्यांमध्ये शिरतात आणि त्यांच्या भिंतीतला स्नायू काढून टाकून तिथे स्वतः बसतात. नळाची तोटी काढून नुसता पाइप ठेवावा तसं. आईचं शरीर काही कारणानं वाहिन्या आवळायला गेलं तरी बाळाचा पुरवठा कमी होत नाही. (हे काम अर्धवट राहिलं तर वाहिन्या अरुंदच राहतात, आणि गरोदरपणात बीपी वाढण्याच्या, लघवीतून प्रथिनं जाण्याच्या आजाराशी त्याचा जवळचा संबंध आहे. तो वेगळा लेख होईल.) बाळासाठी केलेली ही सोय बाळ जन्मताक्षणी आईच्या जिवावर उठते. तोटी तर आता उरलेलीच नाही.

मग नळ बंद कोण करतं? भिंत करते.

ज्यांनी सुंभाची बाज पाहिली असेल त्यांना हे पटकन समजेल. बाळंतीण पूर्वी त्याच बाजेवर निजायची. बाज सैल असते तेव्हा विणीच्या भोकातून बोट सहज आरपार जातं. पायथ्याकडची दोरी ओढून ती ताणली की तेच बोट विणीत चिमटतं. गर्भपिशवीच्या भिंतीत बाहेरून उभे धागे, आतून गोल धागे, आणि या दोहोंच्या मध्ये एक जाड थर असतो. त्यातले स्नायूंचे धागे एकमेकांना तिरपे छेदत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरतात. वारेकडे जाणारी प्रत्येक रक्तवाहिनी या विणीच्या भोकांतून जाते. पिशवी आकुंचन पावली की वीण ताणली जाते आणि प्रत्येक भोकातली वाहिनी चिमटली जाते. शंभर वाहिन्यांना एकाच वेळी शंभर गाठी. यांना जिवंत गाठी म्हणतात, आणि डॉक्टरी परिभाषेत इतकं नेमकं नाव क्वचितच सापडतं.

यात आणखी एक खुबी आहे. दंडाचा स्नायू आखडतो आणि सोडला की पुन्हा लांब होतो. गर्भपिशवीचा धागा प्रत्येक कळेनंतर पूर्ण लांब होतच नाही, थोडा आखूडच राहतो. म्हणून कळ ओसरली तरी गाठ सुटत नाही. वार सुटण्याचं कारणही हेच. फुगलेल्या फुग्यावर कागदाचा तुकडा चिकटवून हवा सोडून पाहा. फुगा आक्रसतो, कागद आक्रसत नाही, तो निघून येतो. वार म्हणजे तो कागद.

हे सगळे धागे एकदम कसे ओढले जातात? गरोदरपणभर या स्नायूच्या पेशी एकमेकींशी फारशा बोलत नाहीत, म्हणूनच पिशवी नऊ महिने शांत राहते. दिवस भरत आले की पेशींच्या भिंतींमध्ये कनेक्सिन-43 नावाच्या प्रथिनाचे बोगदे उघडतात आणि विजेचा संदेश एका पेशीतून दुसरीत सरळ जाऊ लागतो. त्याच काळात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक ओळखणारे ग्राहक (रिसेप्टर) पेशींवर प्रचंड वाढतात. ऑक्सिटोसिन ग्राहकाला चिकटलं की पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जोडलं जातं, ती जोडी मायोसिन या स्नायूतल्या प्रथिनाच्या साखळीला फॉस्फेट लावणारं विकर जागं करते, आणि मायोसिन शेजारच्या अ‍ॅक्टिन या प्रथिनाला ओढतं, की धागा आखडतो. यातला एक मुद्दा मात्र लक्षात ठेवा: ऑक्सिटोसिनचा मारा तासन्‌तास चालू राहिला तर पेशी आपले ग्राहक आत ओढून घेतात. हाक तीच असते, ऐकणारं कोणी उरत नाही. लांबलेल्या बाळंतपणात, बराच वेळ कळांचं (म्हणजे ऑक्सिटोसिनचं) सलाइन चालू असेल तर नंतर पिशवी सैल पडण्याचा धोका वाढतो, त्यामागचं हे एक कारण आहे. जुळं असेल, गर्भजल फार असेल, तर अतिताणलेली पिशवीही नीट आखडत नाही. एवढंच काय, लघवीनं भरलेलं मूत्राशय खालून ढकलत असलं तरी पुरतं. म्हणून डॉक्टर आधी नळी घालून लघवी काढतात. घरच्यांना तो उगाच केलेला छळ वाटतो.

ऑक्सिटोसिन हा नऊ अमिनो आम्लांचा छोटासा रेणू. व्हिन्सेंट ड्यू विन्यो यांनी 1953 साली तो प्रयोगशाळेत बनवला आणि 1955 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज बाळ जन्मल्यावर मिनिटभरात आईला मांडीत 10 युनिटचं जे इंजेक्शन देतात, ते हेच. पान्हा फुटतो तोही याच्यामुळे. बाळाला पाजायला घेतलं की पहिले काही दिवस ओटीपोटात कळ येते ती त्यामुळेच. बाळ दूध पिता पिता आईची पिशवी आवळत असतं. गोठेवाल्यांनाही हा रेणू चांगला ठाऊक आहे. म्हशीला टोचून पान्हा काढण्याचा गैरप्रकार इतका बोकाळला की 2018 साली केंद्र सरकारनं खासगी कंपन्यांना याचं उत्पादनच बंद करायला सांगितलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. म्हशींचा प्रश्न खराच होता, पण त्यापायी लेबर रूममधलं इंजेक्शन एकाच कारखान्यावर सोपवणं भयंकर होतं. हे औषध उष्णतेनं खराब होतं, 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. उन्हाळ्यात आठ-आठ तास वीज जाणाऱ्या गावात फ्रिज चालू आहे की नाही, हासुद्धा प्रसूतिशास्त्राचाच प्रश्न असतो.

आता डॉक्टरांच्या हाताकडे येऊ. बाळ आल्यावर बेंबीच्या आसपास पोटावरून पिशवी हाताला लागते. ती क्रिकेटच्या चेंडूसारखी कडक लागली तर गाठी बसल्या. मळलेल्या कणकेसारखी मऊ लागली तर बसलेल्या नाहीत. मग त्या पोट चोळतात, जोरानं चोळतात. बहीण नंतर म्हणाली, "कळा परवडल्या, पण ते पोट दाबणं नको." स्नायूला चोळून जागं करणं हा सर्वांत जुना आणि फुकटचा उपाय. तेवढ्यानं भागलं नाही तर सलाइनमधून ऑक्सिटोसिन, मग पिशवी आवळणारी आणखी औषधं: मेथर्जिन (बीपी असेल तर नाही), मिसोप्रोस्टॉल, कार्बोप्रोस्ट. वारेचा तुकडा आत राहिलाय का, कुठे फाटलंय का, हे बघणं बरोबरीनं चालू. तरीही थांबेना तर एक मूठ आत आणि दुसरा हात पोटावर ठेवून दोहोंच्या मध्ये पिशवी दाबून धरायची. त्या घटकेला डॉक्टर स्वतःच विणीची दोरी होतात.

आणि ट्रानेक्झॅमिक आम्ल, बसलेली रक्ताची गाठ विरघळू न देणारं औषध. जपानच्या उताको ओकामोतो यांनी पती शोसुके यांच्याबरोबर 1962 साली हे शोधलं, तेच मुळी बाळंतपणातल्या रक्तस्रावासाठी. तिथल्या प्रसूतितज्ज्ञांना त्याची चाचणी घ्यायला मात्र त्या तयार करू शकल्या नाहीत. औषध दात काढताना, हृदयाच्या शस्त्रक्रियेत वापरलं गेलं. शेवटी 20 हजार बाळंतिणींवरची चाचणी झाली आणि तीन तासांच्या आत दिलं तर जीव वाचतात हे 2017 साली छापून आलं. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी, 98 व्या वर्षी वारल्या होत्या.

उपाय असे भरपूर आहेत. ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी तर कॅथेटरला कंडोम बांधून, तो पिशवीत सरकवून, सलाइननं फुगवून रक्त थांबवण्याची रीत काढली. महागडा बलून परवडत नाही तिथे आजही ती चालते. अडतं ते वेळेवर ओळखण्यात. गरोदर बाईच्या अंगात रक्त आधीच 40 टक्क्यांच्या आसपास वाढलेलं असतं, त्यामुळे लिटरभर गेलं तरी बीपी जागेवर असू शकतं, बाई बोलत असते. चादरीत, कापसात, बादलीत गेलेलं रक्त डोळ्यांनी नेहमी कमीच मोजलं जातं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या 80 रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बायकांवर झालेला एक अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यात केलं काय, तर बाईखाली मापाच्या खुणा असलेली प्लॅस्टिकची पिशवी लावली आणि रक्तानं खूण ओलांडताच सगळे उपचार एकामागून एक न करता एकदम सुरू केले. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं आणि त्यानं होणारे मृत्यू, सगळे मिळून 60 टक्क्यांनी घटले. रोबोट नाही, एआय नाही. आकडे छापलेली पिशवी.

याची तयारी नऊ महिने आधी सुरू होते. आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांना रक्तक्षय असतो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 52.2 टक्के. हिमोग्लोबिन 12 असलेल्या बाईला जेवढं रक्त गेलेलं कळतही नाही, तेवढंच 7 असलेल्या बाईला झेपत नाही. लोहाच्या गोळ्यांवरून डॉक्टर दर भेटीला डाफरतात ते यासाठी. गोळीनं शौच काळी होते, म्हणून ती गुपचूप बंद करणाऱ्या बायका त्यांनी शेकड्यांनी पाहिलेल्या असतात.

मुहूर्त बघून सिझेरियन करून घेणाऱ्यांना एकच सांगतो. पिशवीवरच्या प्रत्येक व्रणागणिक पुढच्या खेपेला वार त्या व्रणातच रुतून बसण्याचा धोका वाढतो. रुतलेली वार फुग्यावरच्या कागदासारखी सुटत नाही, आणि अनेकदा पिशवीच काढावी लागते. गरजेचं सिझेरियन जीव वाचवतं, पुष्य नक्षत्र साधलं म्हणून मात्र स्नायूची वीण पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा पाच वाजायला आले होते. पिशवी जरा सैल पडली होती, आता ठीक आहे, अजून दोन तास इथेच ठेवतो, एवढंच म्हणाल्या आणि चहा मागवला. दुसऱ्या दिवशी मी केसपेपर मागून पाहिला. जन्म 4.18, म्हणजे काकांचा मोबाइल आणि भिंतीवरचं घड्याळ, दोन्ही चुकले होते. त्याखाली: ऑक्सिटोसिन 4.19. वार 4.27, पूर्ण. रक्त 450. पिशवी सैल, चोळली, सलाइन. 4.45, कडक.

मावशीनं त्यातली पहिली ओळ उतरवून घेतली.