जीपीएल परवाना आणि लायसन्स की: वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी ओळखावा असा फरक

वर्डप्रेसवर संकेतस्थळ चालवणाऱ्याला डॅशबोर्डवर कधी ना कधी अशी सूचना दिसते की अमुक प्लगइनच्या (वर्डप्रेसला जादा सोय जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लायसन्सची मुदत संपली आहे, नूतनीकरण करावे. ती वाचून काही जण धास्तावतात आणि आता हे प्लगइन वापरणे बेकायदा ठरेल असे समजून ते काढून टाकतात. तर काही जण, वर्डप्रेस मुक्तस्रोत असताना लायसन्स कसले, असे म्हणून सूचना मिटवतात आणि तीच जुनी आवृत्ती वर्षानुवर्षे चालू ठेवतात. दोघांचीही गल्लत एकाच ठिकाणी होते. जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) हा वर्डप्रेसचा मुक्तस्रोत परवाना ठरवतो तो हाती असलेल्या कोडवरचा हक्क, आणि लायसन्स की ठरवते तो पुढच्या आवृत्त्यांचा पुरवठा.

आधी परवान्याविषयी. मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये वर्डप्रेस उभे केले ते बीटू या थंडावलेल्या ब्लॉगिंग सॉफ्टवेअरच्या कोडवर. बीटू जीपीएलखाली असल्यामुळे त्यांना कोणाकडून वेगळी परवानगी घ्यावी लागली नाही, आणि त्याच परवान्याच्या अटीमुळे वर्डप्रेसही जीपीएलखालीच राहिले. पुढच्याच वर्षी मूव्हेबल टाइप या त्या काळच्या लोकप्रिय सॉफ्टवेअरने तिसऱ्या आवृत्तीबरोबर आपल्या वापराच्या अटी बदलल्या, विनामूल्य वापरावर मर्यादा आणल्या, आणि अनेक ब्लॉगलेखक वर्डप्रेसकडे वळले. कोड कोणत्याही कामासाठी चालवणे, तो वाचणे, बदलणे आणि मूळ किंवा बदललेल्या रूपात इतरांना देणे, हे हक्क जीपीएल देतो. अटी पाळल्या जात आहेत तोवर त्यांना मुदत नसते. कोडच्या प्रतीसाठी पैसे घेण्यास तो मनाई करत नाही, मात्र ज्याला प्रत मिळाली त्याच्या हक्कांवर नवी बंधने घालू देत नाही. कोड निर्दोष असल्याची हमी आपण देत नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

एक बारकावा इथे नोंदवला पाहिजे. थीममधील (संकेतस्थळाचे रूप ठरवणाऱ्या संचातील) पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतील कोड वर्डप्रेसवर आधारलेला असल्यामुळे जीपीएलखाली येतो, पण चित्रे आणि सीएसएस (पानाची मांडणी व रंग ठरवणारा कोड) यांना ते बंधन लागू होईलच असे नाही, असे मत मुक्त सॉफ्टवेअरला कायदेविषयक मदत करणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने २००९ मध्ये दिले. २०१० मध्ये थीसिस या विकाऊ थीमवरून मोठा वाद झाला, तो मिटला तेव्हाही पीएचपी जीपीएलखाली आणि उरलेला भाग विक्रेत्याच्या अटींखाली अशीच विभागणी झाली. म्हणून विकत घेतलेली थीम पूर्णपणे जीपीएलखाली आहे की अंशतः, हे तिच्याबरोबर येणाऱ्या परवान्यात वाचूनच ठरवावे.

लायसन्स की हा निराळाच व्यवहार आहे. अक्षरे आणि अंक यांची ती मालिका विक्रेत्याच्या सर्व्हरकडे जाते, पैसे भरलेले आहेत याची खातरजमा होते आणि मग नवी आवृत्ती व तांत्रिक मदत मिळते. बहुधा हा करार वर्षभराचा आणि ठरावीक संकेतस्थळांपुरता असतो. प्लगइन जीपीएलखाली असेल तर ‘एका संकेतस्थळासाठी’ या शब्दांनी कोडच्या वापरावर बंधन येत नाही. विक्रेता किती संकेतस्थळांना अपडेट पाठवील, एवढेच त्यातून ठरते. मुदत संपल्यावर बहुतेक प्लगइन चालू राहतात. अकिस्मेटसारख्या प्लगइनचे तसे नाही, कारण त्याचा कोड खुला असला तरी नको असलेल्या प्रतिक्रिया ओळखण्याचे काम दूरच्या सर्व्हरवर होते आणि की लागते ती त्या सेवेसाठी.

कायद्याच्या दृष्टीने निर्धोक असलेला कोड सुरक्षेच्या दृष्टीनेही निर्धोक आहे असे मानणे, हाच या गल्लतीतला सर्वांत महाग पडणारा भाग आहे. वर्डप्रेसच्या गाभ्याला ऑक्टोबर २०१३ मधील ३.७ या आवृत्तीपासून सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळतात. विकत घेतलेल्या प्लगइनला त्या बहुधा की चालू असेल तरच मिळतात. स्लायडर रिव्होल्यूशन हे प्लगइन अनेक थीमबरोबर जोडून दिले जात असे, त्यामुळे त्याची की थीमच्या विक्रेत्याकडे असे आणि संकेतस्थळाच्या मालकाला ते प्लगइन आपल्याकडे आहे हेसुद्धा पुष्कळदा ठाऊक नसे. त्यातील गंभीर त्रुटी दुरुस्त झालेली असूनही नवी आवृत्ती अशा संकेतस्थळांपर्यंत पोचली नाही, आणि डिसेंबर २०१४ मध्ये सोकसोक या हल्ल्यानंतर गुगलने ११,००० हून अधिक संकेतस्थळे धोकादायक म्हणून रोखली. त्या मालकांचा कोडवरचा हक्क एका शब्दानेही कमी झालेला नव्हता.

विनामूल्य अपडेटसुद्धा हक्क नसून सेवाच आहे, हे सप्टेंबर २०२४ मध्ये दिसले. डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीशी झालेल्या वादात वर्डप्रेस डॉट ऑर्गने, म्हणजे विनामूल्य प्लगइन आणि त्यांचे अपडेट जिथून मिळतात त्या अधिकृत संकेतस्थळाने, तिला आपल्या सर्व्हरवरून तोडले, तेव्हा तिच्याकडील ग्राहकांना डॅशबोर्डवरून प्लगइन अद्ययावत करता येईना. कोड जीपीएलखाली होताच. पुरवठ्याची वाट तेवढी बंद झाली होती, आणि ती पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश न्यायालयाने डिसेंबरमध्ये दिला.

‘नल्ड’ म्हणून, म्हणजे कीची तपासणी काढून टाकून, फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रतींकडेही याच नजरेने पाहावे. जीपीएल कोडची प्रत तिसऱ्याने वाटणे परवान्यात बसते, पण तिच्यात वाटेत कोणी काय घातले आहे हे तपासणारा कोणी नसतो आणि मूळ विक्रेत्याकडून येणारे अपडेट तिला मिळत नाहीत. नूतनीकरण परवडत नसेल तर असे प्लगइन नुसते बंद न ठेवता पूर्ण काढून टाकावे आणि वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातील, नियमित अद्ययावत होणारे विनामूल्य प्लगइन घ्यावे. संस्थेचे संकेतस्थळ बाहेरच्या व्यक्तीने बांधले असेल, तर प्रत्येक की कोणाच्या नावावर आहे आणि तिची मुदत कधी संपते, हे काम ताब्यात घेतानाच लिहून घ्यावे.