पार्श्वभूमी : स्टीलच्या भांड्यात चव मुरते का?

कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, स्वयंपाकघरात दूध आणि मांस वेगळं ठेवतात. हा सोवळेपणा भांड्यांपर्यंत पोचतो तो एका गृहीतकामुळे: गरम अन्नाची चव भांड्याच्या अंगात मुरते आणि पुढच्या रांधपात उतरते. पापार्पणाचं मांस शिजवलेलं मातीचं भांडं फोडावं, तांब्याचं घासून विसळावं, हे बायबलच्या लेवीय ग्रंथातच आहे. पुढे तालमूदने, म्हणजे ज्यू धर्मचर्चांच्या प्राचीन संग्रहाने, सूत्र बांधलं: भांडं जसं शोषतं तसंच सोडतं. रश्श्याने बाटलेलं पातेलं उकळत्या पाण्याने शुद्ध होतं. शीग मात्र विस्तवातच घालावी लागते.

हे सगळं डोळे मिटून ठरलं नव्हतं. झिलईची मातीची भांडी वल्हांडणाला, म्हणजे खमीर वर्ज्य असलेल्या सणाला, चालतील का, असा प्रश्न तालमूदमध्ये आहे. उत्तर देणारा म्हणतो, ती बाहेरून पाझरताना मला दिसतात. म्हणजे शोषतात, म्हणून नकोत. निरीक्षण आधी, निवाडा नंतर.

काचेपाशी हा क्रम बिघडला. काच गुळगुळीत, काही शोषत नाही, म्हणून धुतली की पुरे, असं १६व्या शतकातल्या शुलखान आरूख या ज्यू नियमसंहितेने सांगितलं. त्याच पानावरच्या पोलिश टिपणीने मात्र वल्हांडणासाठी काच उकळूनही शुद्ध होत नाही, असा अश्केनाझी, म्हणजे जर्मनी-पोलंडकडच्या ज्यूंचा, रिवाज नोंदवला. कारण काय, तर काच वाळूपासून बनते, म्हणून तीही मातीच्या भांड्यासारखीच. म्हणजे एकाने पृष्ठभाग पाहिला, दुसऱ्याने कूळ! सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) आणि अश्केनाझी घरांत हा फरक आजही आहे. एनॅमल आल्यावर तर आत लोखंड नि वर काच, मग जात कुठली धरायची, यावर पिढ्या खर्ची पडल्या.

स्टेनलेस स्टील १९१३ सालचं, इंग्लंडमधल्या शेफील्डचं. धातू म्हणून ते निमूटपणे तांब्या-लोखंडाच्या रांगेत बसवलं गेलं. गेल्या काही वर्षांत इस्रायलमधल्या काही रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) पुन्हा तालमूदचाच प्रश्न विचारला: यातून खरंच काही उतरतं का? अन्नाच्या साठाव्या हिश्शाहून कमी मिसळलेल्या पदार्थाची चव एरवी बहुतेक बाबतींत नगण्य धरतात आणि स्टीलमधून उतरणारा अंश त्याच्या आसपासही जात नाही, असं त्यांचं म्हणणं. विरोधकांच्या मते नियम धातूच्या प्रकाराला लागतो, प्रयोगशाळेच्या मोजमापाला नाही. शिवाय ही सवलत दिली तर दोन पातेल्यांची रीतच मोडेल. ही भीती खोटी नाही, पण तिने शोषणाच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. सवलतीकडे झुकणारेही बहुतेक जण ती चूक घडून गेल्यावरच देतात: मांसाच्या पातेल्यात दूध तापलं, तर अन्न फेकायचं की नाही एवढ्यापुरती.