महाग तेल की मंदी? आधी संकट कोणतं ते विचारा

कारखानदार चार जण एकत्र बसले की एक वाक्य हमखास येतं: संकटातूनच नवं, स्वच्छ तंत्रज्ञान जन्माला येतं. त्यावर दुसरा हसतो, ‘कसलं काय! संकट आलं की पहिली कात्री पर्यावरणाच्या खर्चाला.’ गंमत म्हणजे दोघंही खरंच बोलत असतात. फक्त एकाच्या डोक्यात 1973 असतं आणि दुसऱ्याच्या 2008.

1973 चं संकट भावाचं होतं. अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव साधारण तीन डॉलरवरून बारा डॉलरकडे गेला. 2008 चं संकट मागणीचं आणि कर्जाचं. तेव्हा तेल उलट कोसळलं: जुलैत 147 डॉलरला टेकलेलं पिंप डिसेंबरात चाळिसाच्या खाली. पहिल्या प्रकारात ऑर्डर असतात पण इंधन परवडत नाही. दुसऱ्यात इंधन परवडतं, पण माल घ्यायला कोणी नाही आणि बँक फोन उचलत नाही.

भावाचं संकट काय करतं ते जपानच्या पोलाद कारखान्यांत नीट दिसतं. कोक, म्हणजे पोलादासाठी दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन, भट्टीतून निघतो तेव्हा हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो. त्यावर पाणी मारायचं आणि वाफेचे ढग आकाशात सोडायचे, ही जुनी रीत. म्हणजे पैसे देऊन आणलेली उष्णता हवेत. कोरड्या पद्धतीत बंद कक्षातून नायट्रोजनसारखा वायू फिरवतात, तो कोकची उष्णता उचलतो, तिच्यावर बॉयलर चालतो आणि वीज निघते. ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरात आणली सोव्हिएत संघाने. जपानने ती सत्तरच्या दशकात विकत घेतली, मोठी केली, सुधारली. शोध एकाचा, भूक दुसऱ्याची! ओतकामाचंही तसंच. पूर्वी पोलादाचे ठोकळे ओतायचे, थंड होऊ द्यायचे आणि लाटण्यासाठी पुन्हा तापवायचे. सलग ओतकामात हा फेरा वाचतो. 1973 मध्ये जपानचं जेमतेम एक पंचमांश पोलाद या पद्धतीने होत होतं, 1985 पर्यंत 90 टक्क्यांहून जास्त.

हा योगायोग नव्हता. अर्थतज्ज्ञ डेव्हिड पॉप यांनी 1970 ते 1994 मधली अमेरिकी पेटंटं तपासून 2002 मध्ये दाखवलं, की ऊर्जेचे भाव चढले की ऊर्जा वाचवणाऱ्या पेटंटांची संख्याही चढते. बिल डोळ्यांत खुपायला लागलं की इंजिनिअरचं लक्ष तिथे जातं. साधी गोष्ट आहे.

पण भाव चढला की सगळे हुशार होतात, असंही नाही. त्याच जपानचा ॲल्युमिनियम धंदा बघा. एक टन धातू काढायला साधारण चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते आणि तेव्हा जपानची बरीचशी वीज तेलावर होत होती. या गणितातून पळवाट काढील असा शोध कोणाकडेच नव्हता. एकेक कारखाना बंद पडत गेला. शेवटी उरला काम्बारा इथला एक, स्वतःच्या जलविद्युतेवर चालणारा. तिथलं धातू काढण्याचं कामही 2014 मध्ये थांबलं. भावाचा चटका सोसण्याइतका असेल तरच माणूस हात हलवतो. फार झाला तर हातच जातो.

आता मंदी. पुस्तकी तर्क तिच्या बाजूने आहे: यंत्रं रिकामी असताना बदल करून घ्यावेत, तेव्हा उत्पादनाचं नुकसान कमी होतं. पण ज्याच्या यंत्रांना काम नाही, त्याच्या खात्यात पैसेही नसतात. आणि दुसरा घोटाळा जास्त गमतीचा आहे. मंदीत धूर आपोआप कमी होतो, आणि कमी झालेला धूर प्रगतीसारखा दिसतो. 2009 मध्ये जगाचं कार्बन उत्सर्जन किंचित घटलं, 2010 मध्ये सगळं भरून निघून वर गेलं. भट्टी तीच होती, फक्त काही काळ थंड होती.

युरोपात तर या घटीनेच घात केला. तिथे उत्सर्जनाचे परवाने ठरावीक संख्येने दिले जातात आणि बाजारात विकले जातात. कारखाने मंदावले, परवाने उरले, भाव पडला. 2008 च्या मध्याला टनामागे तीस युरोच्या घरात असलेला परवाना 2009 च्या सुरुवातीला दहाच्या खाली आला आणि 2013 मध्ये पाचाच्याही खाली. महागडं स्वच्छ तंत्र बसवण्यापेक्षा परवाना घेणं स्वस्त पडत असेल, तर कोण बसवणार?

मंदीत नवं काही उभं राहतं ते बहुधा सरकारी पैशावर, आणि तेही भरवशाचं नाही. अमेरिकेने 2009 मध्ये बॅटरी आणि विजेवरच्या गाड्यांच्या भागांसाठी 240 कोटी डॉलरची अनुदानं जाहीर केली. त्यातलं मोठं अनुदान मिळालेली बॅटरी कंपनी ए123 सिस्टिम्स 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली. कारखाना आला, पुरेसे गिऱ्हाईक आले नाहीत. टेस्ला तरली. सरकारी कर्ज होतंच, शिवाय मंदीनेच तिला कारखाना दिला: जनरल मोटर्स दिवाळखोरीत जाऊन कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँट इथल्या, टोयोटासोबतच्या कारखान्याच्या भागीदारीतून बाहेर पडली आणि 2010 मध्ये तो प्रचंड कारखाना टेस्लाला 4.2 कोटी डॉलरला मिळाला. मंदीचं कौतुक करायचं तर एवढंच: भंगाराच्या भावात जागा मिळते.

खरी पंचाईत दोन्ही संकटं एकदम आली की होते. 2022 मध्ये युरोपात गॅस भडकला आणि पाठोपाठ मागणीही बसली. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनमध्ये बीएएसएफ या रसायन कंपनीने फेब्रुवारी 2023 मध्ये गॅसपासून अमोनिया करणाऱ्या दोन प्रकल्पांपैकी एक बंद करायचं जाहीर केलं. त्याच आवारात 2024 मध्ये विजेवर तापणाऱ्या क्रॅकर भट्टीचं (उष्णतेने मोठे रेणू फोडून रसायनं काढणाऱ्या भट्टीचं) प्रात्यक्षिक सुरू झालं. संकटाने एक घेतलं, दुसरं दिलं, असं म्हणायचा मोह होतो. पण त्या भट्टीचा करार मार्च 2021 मध्येच झाला होता, गॅस भडकण्याच्या आधी, आणि तिला जर्मन सरकारने 1.48 कोटी युरोचा टेकू दिला होता.