वेशीवरची स्वस्त घरं आणि जमिनीचा जुना प्रश्न

शहर संपून शेती सुरू होते त्या पट्ट्यात जमीन स्वस्त असते, कारण रस्ता, नळ, गटार अजून पोचलेलं नसतं. ते पोचलं की भाव चढतो आणि ज्यांच्यासाठी घरं उभारली त्यांनाच तिथे राहणं जड जातं. या घरांचा इतिहास वास्तुरचनेचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो त्या चढलेल्या भावावर हक्क कोणाचा, याचा आहे.

एबेनेझर हॉवर्ड हे लंडनमधले लघुलेखक, वास्तुरचनाकार नव्हेत. १८९८ साली त्यांनी मांडलेल्या उद्याननगरीत ६,००० एकर जमीन होती : १,००० एकरांवर शहर, बाकी शेती, आणि वस्ती ३२,०००. पण योजनेचा गाभा हिशेबात होता. जमीन शेतीच्या भावाने घ्यायची, विश्वस्तांच्या नावे ठेवायची आणि भाडेपट्ट्याने द्यायची. वस्ती वाढेल तसं भाडं वाढेल. त्यातून आधी कर्ज फिटेल, मग शाळा, रस्ते, म्हाताऱ्यांची पेन्शन. १९०३ साली लंडनच्या उत्तरेला लेचवर्थला ही नगरी वसू लागली. १९०५ मध्ये तिथे स्वस्त घरांचं प्रदर्शन भरलं. अट अशी, की शेतमजुराचं घर १५० पौंडांत उभं राहावं. लिव्हरपूलचे अभियंते जॉन ब्रॉडी यांनी तर आधीच ओतून तयार केलेल्या काँक्रीटच्या भिंती जोडून घर उभं केलं. एवढं होऊनही अगदी तळच्या मजुरांना नगरीतलं भाडं झेपेना. त्यांतले बरेच जण आसपासच्या खेड्यांतच राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात उपासमार होती. लोकांनी शहराच्या कडेची मोकळी जागा धरली, भाजीपाला लावला, तिथेच खोपटी बांधली. पुढे नगरपालिकेने या चळवळीला हात दिला. वास्तुरचनाकार आडोल्फ लोस यांनी तिच्यासाठी १९२१ मध्ये ‘एका भिंतीच्या घरा’चं पेटंट घेतलं. तुळया शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतींवर टेकतात, पुढची-मागची बाजू हलकी राहते, आणि रांगेत घर वाढलं की भार पेलणारी एकच भिंत नव्याने बांधावी लागते. लोस आखणीची सुरुवात बागेपासून करत, घर नंतर. जेवणाचा निम्मा प्रश्न परसातून सुटणार असेल तर हाच क्रम बरोबर आहे, आणि आजच्या आराखड्यांत तो क्वचित दिसतो याचं वाईट वाटतं.

पेरूमधल्या वस्त्या जवळून पाहिलेले ब्रिटिश वास्तुरचनाकार जॉन टर्नर सांगत होते, की लोक घर टप्प्याटप्प्याने स्वतः बांधतात. त्यांना जागा आणि सोयी द्या. १९७२ मध्ये जागतिक बँकेने सेनेगलमधल्या अशा योजनेला कर्ज दिलं. इंदूरजवळच्या ‘अरण्य’ वसाहतीत बाळकृष्ण दोशींनी ऐंशीच्या दशकात जोतं, संडास-न्हाणी आणि वाढायला जागा अशी रचना केली. मोठे भूखंड नफ्याने विकून लहानांचा भार हलका केला. मात्र अशा अनेक योजना कामापासून फार दूर पडल्या. जमिनीत वाचलेले पैसे बसभाड्यात जात, आणि कित्येकांनी भूखंड बऱ्या स्थितीतल्या लोकांना विकले.

हॉवर्डांचा धागा पुन्हा उचलला गेला तो अमेरिकेत. १९६९ मध्ये जॉर्जियातल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ हा सामुदायिक भू-न्यास स्थापन झाला. त्यामागच्या काही मंडळींवर विनोबांच्या ग्रामदानाचा प्रभाव होता. कर्जापायी १९८५ मध्ये ती जमीन गेली, पण पद्धत टिकली : जमीन न्यासाची, घर कुटुंबाचं, आणि विकताना किंमत ठरलेल्या सूत्राने. इंग्लंडमध्ये एरवी बांधकामाला परवानगी नसलेल्या गावकडेच्या जमिनीवर मुख्यतः स्थानिकांच्या परवडणाऱ्या घरांना अपवाद मिळतो. महागडी घरं बांधायची वाट जवळजवळ बंद असल्यामुळे शेतकऱ्याला मिळणारा भाव एरवीच्या घरबांधणीच्या जमिनीच्या भावाहून खूप खाली राहतो.