सोंगाड्याचे टोमणे सगळेच ऐनवेळचे?
‘तमाशाच्या वगात, म्हणजे त्यातल्या कथानाट्यात, सोंगाड्या पुढाऱ्यांवर बोलतो ते सगळं जागेवर सुचलेलं, पाठांतर काहीच नसतं,’ असं सातारा-सांगलीच्या जत्रांत वर्षानुवर्षं ऐकू येतं. यातलं अर्धंच खरं. गण (गणेशस्तवन), गौळण (कृष्ण-गवळणींचा प्रवेश), बतावणी (विनोदी संवाद), मग वग हा तमाशाचा रिवाज. वगाचं कथानक, प्रवेश, गाणीही बसवलेली असतात. गाण्याआधीचं वाक्य तर हलवणं धोक्याचंच; ढोलकीवाला आणि सुरते (मागे सूर धरणारे साथीदार) त्यावरच उचल घेतात, ते चुकलं की गाणं फसतं. मोकळीक असते राजा, प्रधान, शिपायाच्या संवादात. गावचं पाणी, रस्ता, ऊसदर तिथे शिरतो. हजरजबाबीपणाची खरी कसोटी तीच. पडताळायला एकाच फडाचा एकच वग दोन गावांत बघा, गाण्याआधीची वाक्यं लिहून घ्या. ती बहुतेक जुळतील, टोमणे मात्र गावागणिक बदललेले दिसतील.